परिक्रमावासींसाठी घरचं आसन कसं लावावं

इंदूरच्या कितीतरी मराठी कुटुंबांचं एक पाऊल नर्मदेच्या काठावर असतं. कुणाची बडवाहजवळ शेती, कुणाचा मंडलेश्वरात आजोबांच्या वेळचा वाडा, कुणी निवृत्तीनंतर महेश्वरला बांधलेल्या दोन खोल्या. अशा घराच्या ओसरीवर परिक्रमावासीची, म्हणजे नर्मदेला पायी प्रदक्षिणा घालणाऱ्याची, ‘नर्मदे हर!’ अशी हाक आली की आधी पाणी विचारायचं, हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असतं. पण एखाद्याला पाणी-चहा देणं वेगळं आणि सात-आठ माणसांची रात्रीची सोय, म्हणजेच आसन, चार महिने रोज करणं वेगळं. हे दुसरं काम अंगावर घ्यायचं असेल, तर त्याची तयारी नवरात्रापासून सुरू करावी.

परिक्रमावासीला दुसऱ्या दिवशी पुन्हा २० ते २५ किलोमीटर चालायचं असतं, आणि त्याने घेतलेला संकल्प मोडू द्यायचा नसतो. जेवण, गादी, गाडी, औषध यांतलं काहीही पुढे करताना हे दोन प्रश्न मनाला विचारावेत: हा माणूस सकाळी नीट चालू शकेल का, आणि याने त्याचा नेम तर मोडत नाही ना? बहुतेक चुका प्रेमापोटी, जास्तीचं केल्यामुळे होतात.

तुमचं घर कोणत्या तटावर आहे

नर्मदा १३१२ किलोमीटर लांब आहे. परिक्रमेत ती सतत उजव्या हाताला ठेवायची आणि मध्ये कुठेही ओलांडायची नाही. ओंकारेश्वरहून उचललेली परिक्रमा दक्षिण तटाने पश्चिमेला जाते, विमलेश्वरहून नावेने, नदीच्या मुखाला समुद्रातून वळसा घालून, मिठी तलाईला उतरते, मग उत्तर तटाने भरूच, महेश्वर, मंडलेश्वर, बडवाह करत अमरकंटकपर्यंत चढते आणि तिथून दक्षिण तटाने परत ओंकारेश्वरला येते. तुमच्या दारात कोण येणार आणि कोणत्या अवस्थेत येणार, हे यावरूनच ठरतं.

घर दक्षिण तटावर असेल, म्हणजे मोरटक्का, रावेरखेडी, बकावां, कसरावद या पट्ट्यात, तर देवउठनी, म्हणजे कार्तिकी शुद्ध एकादशी होताच लोंढा सुरू होतो. हे लोक चालायला लागून एक ते सहा दिवस झालेले असतात. पायाला ताजे फोड, पाठीवर नको तेवढं ओझं, आणि ‘आपल्याला जमेल ना’ ही धाकधूक. त्यांना जेवणाआधी पायांची देखभाल आणि ओझं उतरवायला मदत लागते. रावेरखेडीला पहिल्या बाजीरावांची समाधी आहे. पुण्या-मुंबईचे लोक तिथे थांबतातच, म्हणून त्या बाजूच्या घरांनी दुपारच्या चहापाण्याची तयारीही धरावी.

घर उत्तर तटावर असेल, तर तेच लोक पौष-माघात तुमच्याकडे येतात. शूलपाणीची झाडी, म्हणजे वाटेतलं जंगल, आणि समुद्र मागे टाकून आलेले, सरावलेले. ओझं कमी झालेलं, पण अंगात थकवा मुरलेला, बूट फाटलेले, वजन उतरलेलं, कुणाला जुना खोकला. त्यांना पोटभर साधं अन्न, गरम पाणी, कपडे धुण्या-वाळवण्याची सोय आणि शक्य तर एक दिवस विश्रांती लागते.

तटाचा विचार आजारपणातही करावा लागतो. इंदूर नर्मदेच्या उत्तरेला आहे. त्यामुळे महेश्वर, मंडलेश्वर किंवा बडवाहच्या घरातून आजारी माणसाला इंदूरच्या रुग्णालयात नेलं, तर नदी ओलांडावी लागत नाही. दक्षिण तटावरून इंदूरला न्यायचं म्हणजे मोरटक्क्याचा किंवा दुसरा कुठला पूल ओलांडणं आलंच. तिथल्या घरांनी खरगोन, सनावद, खंडव्याचे दवाखाने आधीच पाहून, क्रमांक लिहून ठेवावेत. छातीत दुखणं, बेशुद्धी, साप चावणं अशा वेळी पूल-बिल बघायचा नाही, जवळचं रुग्णालय गाठायचं. पण साध्या तापासाठी गाडी काढून कुणी पुलापलीकडे नेलं, तर त्या माणसाची कित्येक आठवड्यांची परिक्रमा खंडित होते. त्याच तटावर उपचारासाठी गाडीने गेलेला माणूस, जिथून गाडीत बसला तिथेच परत येऊन पुढे चालू लागतो. म्हणून त्याला कुठून उचललं ती जागा लिहून ठेवावी आणि नंतर तिथेच आणून सोडावं.

किती जण, किती दिवस

हा आकडा सुरुवातीलाच ठरवा आणि पाळा. माणशी साडेसहा फूट बाय अडीच फूट जागा धरली आणि सामान, ये-जा सोडली, तर दहा बाय बारा फुटांच्या खोलीत पाच जण नीट झोपतात. सहावा आला की रात्री उठणारा माणूस दुसऱ्याचं आसन तुडवत जातो, आणि आसन तुडवलेलं कुणालाच आवडत नाही. दोन खोल्या आणि एक ओसरी असेल, तर आठ आसनं पुरेत. बायकांची खोली वेगळी आणि तिला आतून कडी हवी. ती नसेल तर सध्या फक्त पाणी-चहा-जेवणाची सेवा करा, मुक्काम नको.

मुक्काम एका रात्रीचा. आजारपण, जोराचा पाऊस किंवा पायाची जखम असेल तर वाढवावा. घर फक्त शनिवार-रविवारी उघडं राहणार असेल, तर फलकावर तसं स्पष्ट लिहा. संध्याकाळी सहाला थकून आलेल्या माणसाला कुलूप दिसणं फार वाईट.

फलक घरावर लावून उपयोग नसतो. वाट जिथे फुटते, तिथे घराच्या दोनशे-तीनशे मीटर अलीकडे लावा, हिंदीत आणि मराठीत: ‘नर्मदे हर. परिक्रमावासी आसन ८. पाणी, चहा, भोजन.’ मागच्या बाजूला ‘आसन पूर्ण’ आणि पुढच्या आश्रमाचं नाव व अंतर लिहा. जागा भरली की फलक उलटा करायचा. पण पाच वाजून गेल्यावर कुणाला पुढे पाठवायचं असेल, तर आधी त्या आश्रमात फोन करून जागा आहे का विचारा. नसेल तर ओसरीवर एक जास्तीचं आसन लावा. परिक्रमावासी अंधार पडल्यावर चालत नाहीत, आणि चालूही नये.

आल्या आल्या

‘नर्मदे हर’ला ‘नर्मदे हर’नेच उत्तर द्यायचं. हिंदी भागातून आलेल्यांना बाबाजी, माताराम म्हणतात, मराठी असतील तर काका, दादा, ताई. मग तीन गोष्टी विचारायच्या: आसन लावणार का, जेवण इथे घेणार की सदाव्रत, म्हणजे कोरडा शिधा, घेऊन स्वतः शिजवणार, आणि एकभुक्त, म्हणजे दिवसातून एकदाच जेवणारे, आहात का. कुणी मौनात असतो, तेव्हा पाटी-पेन्सिल समोर ठेवा. कुणी अनवाणी असतो, त्याला चपला घेण्याचा आग्रह करू नका.

प्रत्येकाजवळ नर्मदेच्या पाण्याची एक कुपी असते, तिची रोज पूजा होते. तिच्यासाठी चौरंग किंवा भिंतीतली फळी धुतलेलं वस्त्र अंथरून तयार ठेवा. जागा कमरेच्या वर, चपलांपासून लांब, मुलांचा आणि मांजराचा धक्का लागणार नाही अशी असावी. ही व्यवस्था पहिल्या पाच मिनिटांत दाखवली की आलेला माणूस निश्चिंत होतो.

पाणी आधी साधं, मग चहा. उन्हातून आलेल्याला फ्रिजचं पाणी देऊ नका, माठाचं द्या. माठाला तोटी असावी. सगळ्यांनी एकच पेला बुडवला की एकाचं पोट बिघडलेलं दोन दिवसांत सगळ्यांचं बिघडतं. काही जण फक्त मैयाचंच पाणी पितात. अशांसाठी घाटावरून आणलेलं पाणी फडक्याने गाळून, तुरटी फिरवून निवळू द्यावं आणि खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट उकळवावं. उकळलं तरी ते नर्मदेचंच पाणी राहतं, एवढं सांगितलं की बहुतेक जण मानतात.

पाणी, न्हाणीघर, टाकी

माणशी ४० लिटर धरा: आंघोळीला १५, कपड्यांना १०, शौचालयाला १०, बाकी पिणं-भांडी. आठ जणांना ३२० लिटर, घरच्यांचं वेगळं. निमाडात, म्हणजे या काठच्या भागात, पहाटे वीज असेलच असं नाही, म्हणून टाकी रात्री नऊला भरून ठेवायची.

पहाटे चारपासून आंघोळी सुरू होतात. २० लिटरचा तांब्याचा बंब एकदा तापला की अर्धं गरम, अर्धं गार या हिशेबाने तीन आंघोळी निघतात. बंबातून काढलं तेवढं गार पाणी लगेच ओतत गेलं, तर तासाभरात आठ जण आटोपतात. गॅसवर पातेली तापवत बसू नका, ओट्यावर चहा अडतो. ज्यांना नदीतच स्नान करायचं असेल, त्यांना घाटाबद्दल नक्की बजावा. वरच्या अंगाला इंदिरा सागर आणि ओंकारेश्वर ही धरणं आहेत. पाणी सोडलं की खाली पातळी अचानक चढते. ७ एप्रिल २००५ ला धाराजीच्या घाटावर असंच पाणी चढून अनेक यात्रेकरू वाहून गेले. भोंगा ऐकू आला किंवा पायरी बुडताना दिसली की तांब्या, कपडे तिथेच सोडून वर यायचं. अंधारात स्नान करायचं तर शेवटच्या कोरड्या पायरीवर बसून, तांब्याने.

घराची सेप्टिक टाकी चार-पाच माणसांसाठी बांधलेली असते. तिच्यात रोज बारा जणांचं न्हाणीचं आणि कपड्यांचं साबणपाणी गेलं, तर जानेवारीतच ती उपसावी लागते. न्हाणीचं पाणी वेगळ्या नळीने शोषखड्ड्यात किंवा केळीच्या आळ्यात सोडा. हे काम पावसाळा संपता संपता करून घ्यावं. आणि एक कमोड असू द्या. गुडघे दुखणाऱ्याला उकिडवं बसवत नाही, पण तो संकोचाने सांगत नाही.

स्वयंपाक

कांदा-लसूण वगळून स्वयंपाक करा. निम्म्याहून अधिक जण ते खात नाहीत, आणि दोन वेगळ्या भाज्या करण्यात वेळ जातो. इंदूरकरांना पाहुणा आला की दाल-बाफले, म्हणजे वरण आणि कणकेचे भाजके गोळे, सुचतात. रात्री ते करू नका. तुपात बुडवलेले चार बाफले खाऊन झोपलेला माणूस पहाटे उठतो तो जळजळ घेऊन. अगदीच हौस असेल तर नर्मदा जयंतीला, माघ शुद्ध सप्तमीच्या दुपारी करा. त्या दिवशी बरेच जण मुक्कामी असतात.

रोजच्या रात्रीसाठी दहा जणांचं माप असं: तूरडाळ ५०० ग्रॅम, तांदूळ ८०० ग्रॅम, कणीक दीड किलो, भाजी २ किलो. दीड किलो कणकेच्या साधारण ५० पोळ्या होतात, म्हणजे माणशी पाच. ताक असू द्या, पण ज्याला खोकला आहे त्याला नको. नुसती खिचडी करायची असेल, तर तांदूळ १ किलो, मूगडाळ ५०० ग्रॅम आणि डाळ-तांदळाच्या चौपट पाणी, भांड्याच्या मापाने. ती पातळसर आणि मऊ असू द्या. दिवसभर घामाने मीठ गेलेलं असतं, म्हणून मीठ चवीपुरतं नीट घाला, ‘पथ्याचं’ अळणी करू नका.

अवघड गोष्ट ही की किती जण येणार ते कळत नाही. चार वाजता दोघे असतात, साडेसहाला नऊ. म्हणून स्वयंपाक दोन टप्प्यांत करा. पाचला डाळ शिजवून घ्या, ती मापापेक्षा दीडपट. उरली तर सकाळी थालीपिठात जिरते. भाजी चिरून ठेवा, पण टाकू नका. साडेसहाला माणसं मोजा, मग कणीक मळा आणि भात लावा. सातनंतर आणखी तिघे आले, तर डाळीत दुधी शिजवून घालायचा, कढत पाणी ओतून वरून दुसरी फोडणी द्यायची. गार पाणी ओतलं तर डाळ आणि पाणी वेगळं राहतं, मिळून येत नाही. पोळ्या कमी पडल्या तर पुन्हा परात काढू नका, भाताचा दुसरा कुकर लावा, १५ मिनिटांत होतो.

एकादशीला जवळजवळ सगळ्यांचा उपास. दहा जणांना साबूदाणा ७५० ग्रॅम, दाण्याचं कूट ३०० ग्रॅम, बटाटे १ किलो. साबूदाणा आदल्या रात्रीच भिजवावा लागतो, म्हणून भिंतीवर कालनिर्णय हवंच. रात्रीसाठी मोरधन, म्हणजे आपली भगर, आणि दाण्याची आमटी. सलग दोन वेळा साबूदाणा खाऊन चालणाऱ्याचं पोट अडतं.

सदाव्रत मागणाऱ्यांसाठी पुड्या आधीच बांधून ठेवा. एका माणसाच्या एका वेळेची पुडी: कणीक २५० ग्रॅम, तांदूळ १०० ग्रॅम, डाळ ७५ ग्रॅम, दोन बटाटे, मीठ, हळद, तिखट, एका छोट्या डबीत तेल किंवा तूप. कागदी पिशवीत बांधा, प्लॅस्टिकच्या पिशव्या पुढे काठावरच पडतात. स्वतः शिजवणाऱ्यासाठी अंगणात तीन विटांची चूल, कोरडी लाकडं आणि एक स्वच्छ पातेलं. त्याच्या चुलीजवळ आपण जाऊन ढवळायचं नाही.

किराणा इंदूरच्या सियागंज बाजारातून महिन्याचा एकदम आणलेला स्वस्त पडतो. पण कणीक महिन्याची दळून ठेवू नका. गहू आणा आणि दर आठवड्याला गावच्या चक्कीवर दळा. निमाडात फाल्गुन लागला की जुन्या पिठात जाळी धरायला वेळ लागत नाही.

सकाळचा बालभोग साडेपाचला तयार हवा. पोहे सोपे पडतात, माणशी ७० ग्रॅम कोरडे. जीरावन मसाला आणि शेव बाजूला ठेवा, वरून भुरभुरू नका. पहाटे तिखट खाऊन नऊच्या उन्हात तहान आवरत नाही. काही जण स्नान-पूजा झाल्याशिवाय तोंडात काही घालत नाहीत, त्यांचं झाकून ठेवा.

बरोबर द्यायची शिदोरी पाव किलोच्या वर जाऊ देऊ नका. दशमीसारखं उत्तम काही नाही. एक किलो कणकेला साधारण ५५० ते ६०० मिलिलिटर दूध, चिमूट मीठ, थोडा गूळ. पाण्याचा थेंबही नको. जरा जाड लाटून मंद आचेवर दोन्हीकडून खरपूस भाजायची आणि पूर्ण गार झाल्यावरच बांधायची. गरम बांधली की आत वाफ धरते आणि दुपारपर्यंत तिला वास येतो. थंडीच्या दिवसांत ती दोन दिवस टिकते. सोबत मूठभर फुटाणे आणि गुळाचा खडा. बरणीतलं लोणचं, डझनभर केळी, मिठाईचे डबे देऊ नका. नाही म्हणवत नाही म्हणून घेतात आणि पुढच्या वळणावर कुणाला तरी देऊन मोकळे होतात.

पाय

संध्याकाळचं सगळ्यात मोलाचं काम हेच आहे. दोन घमेली, कोमट पाणी, मूठभर मीठ, १५ मिनिटं. पाण्यात आधी आपलं कोपर बुडवून पाहायचं. मधुमेह असलेल्याला पायाची जाणीव कमी असते, कढत पाण्याने भाजलं तरी त्याला कळत नाही. त्याला पाय शेकायला देऊच नका, साध्या पाण्याने धुऊन, बोटांच्या बेचक्यांसकट कोरडे करायला सांगा.

फोड लहान असेल तर फोडायचा नाही. वर गॉज ठेवून चिकटपट्टी लावायची. फोड मोठा आणि ताणलेला असेल, चालताच येत नसेल, तर साबणाने हात आणि फोडाची जागा धुवायची, निर्जंतुक सुईने कडेला, खालच्या बाजूला एक-दोन बारीक छिद्रं पाडायची आणि पाणी दाबून काढायचं. वरची कातडी काढायची नाही, तीच खालच्या कोवळ्या त्वचेला झाकते. मग पोव्हिडोन आयोडीन आणि स्वच्छ गॉज. फोडातून दोरा ओवून ठेवण्याची पद्धत जुनी आहे, पण त्याच दोऱ्यातून घाण आत जाते, ती करू नये. लाली पसरत चालली, पू झाला, ताप आला किंवा माणूस मधुमेही असला, तर सुईला हात न लावता डॉक्टर.

सकाळी निघताना टाचा आणि बोटांवर व्हॅसलिन, वर सुती पातळ मोजा, त्यावर जाड मोजा. मांड्या घासून सोललेल्या असतील तर रात्री खोबरेल. बूट रात्री ओसरीवर उघडे ठेवले असतील तर सकाळी उलटे करून आपटायला सांगा, विंचू निमाडात काही दुर्मीळ नाहीत.

बूट-सँडल दुरुस्तीचा एक डबा ठेवा: जाड सुई, मेणाचा दोरा, सोल चिकटवायचं सोल्युशन, लेस, सेफ्टीपिना. चिकटवलेला सोल रात्रभर विटेखाली दाबून ठेवावा लागतो, म्हणून हे काम जेवणाआधी उरकायचं.

दक्षिण तटावरच्या घरांनी एक ताणकाटाही टांगावा. पाठीवरची पिशवी पाण्याशिवाय आठ किलोच्या आत बरी. बारा-तेरा किलो निघाली की काटा त्यांना स्वतःलाच वाचू द्या. मग दोन चादरी, जाडजूड पोथ्या, तिसरा शर्ट, स्टीलचा मोठा डबा आपोआप बाहेर येतो. हे सामान त्यांच्या घरच्या पत्त्यावर पोस्टाने पाठवायची सोय करणं ही मोठी सेवा आहे. नाव-पत्ता त्यांच्याच अक्षरात लिहून घ्यायचा, दर शनिवारी इंदूरला येताना सगळे पुडके आणायचे. ज्यांचं घर इंदूर शहरातच आहे, त्यांनीही हे करावं. पुणे-मुंबईहून इंदूरला उतरून ओंकारेश्वरला जाणाऱ्यांना एक रात्र आसरा, पिशवीचं वजन आणि जादा सामान ठेवायला एक कपाट, एवढं शहरातल्या फ्लॅटमध्येही जमतं.

औषधं आणि धोक्याच्या खुणा

घरात ठेवायचं ते एवढंच: पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटं, गॉज, चिकटपट्टी, पोव्हिडोन आयोडीन, थर्मामीटर, साखर. दुखण्याच्या इतर गोळ्या आणि अँटिबायोटिक आपल्या हाताने देऊ नका. रक्तदाबाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला, त्यात अंगातलं पाणी कमी झालेलं असताना, वेदनाशामक गोळी बाधते. ओआरएस संपलं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. मीठ ‘अंदाजाने’ घालू नका.

एक धोका ओळखायला घरचे लोक नेहमी चुकतात. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणारा माणूस परिक्रमेत एकभुक्त होतो, चालणं वाढतं, गोळी तेवढीच राहते. मग संध्याकाळी घाम, हात थरथरणं, असंबद्ध बोलणं. लोकांना वाटतं थकवा आहे, झोपू दे. झोपू देऊ नका. शुद्धीत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजा, १५ मिनिटांनी पुन्हा पाहा, बरं वाटलं की जेवायला घाला. शुद्ध नसेल तर तोंडात काही न घालता १०८.

साप चावला तर बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. अवयव फळीला बांधून हलू न देता, चालू न देता १०८ किंवा घरची गाडी.

झोप

खाट-पलंग बहुतेकांना नको असतो. सतरंजी, तीवर चटई आणि घोंगडी-रजई. पौष-माघात काठावर पहाटे चांगलाच गारठा असतो, म्हणून दाराखालच्या फटीला पोतं लावा, पण खिडकी पूर्ण बंद करू नका आणि खोलीत शेगडी ठेवू नका. रजईला सुती खोळ हवीच. खोळ दर मुक्कामानंतर गरम पाण्यात धुवायची, रजई उन्हात टाकायची. हे टाळलं की खरूज आणि ढेकूण दोन्ही घरात येतात, आणि मग आधी घरच्यांचा उत्साह संपतो. आठ आसनांना सोळा खोळी लागतात, आठ वापरात आणि आठ धुण्यात. ओसरीवर झोपणाऱ्यांना मच्छरदाणी द्या, तिच्या दोऱ्या बांधायला भिंतीत आधीच खुंट्या मारून ठेवा.

वाळत घालायला दोन दोऱ्या छपराखाली, दवाने उघड्यावरचे कपडे रात्री वाळत नाहीत. मोबाईलसाठी आठ खाचांचा एक बोर्ड सगळ्यांना दिसेल अशा जागी ठेवा आणि प्रत्येक तारेला नावाची चिठ्ठी लावा. साडेनऊला दिवे बंद. रात्री उशिरापर्यंत गप्पा मारायची ओढ घरच्यांनाच जास्त असते, ती आवरा.

नोंद, पैसे, शिस्त

वहीत नाव, गाव, घरच्या माणसाचा फोन, आजार-औषधं, कधी आले, कधी निघाले. आधारच्या प्रती गोळा करू नका. परदेशी नागरिक मुक्कामाला आला तर २४ तासांच्या आत त्याच्या माहितीचा अर्ज (पूर्वीचा ‘फॉर्म सी’) ऑनलाइन भरणं घरमालकावर बंधनकारक आहे, त्याच संध्याकाळी भरून टाका. परिक्रमावासींच्या वहीत मुक्कामाच्या ठिकाणचा शिक्का आणि तारीख घेण्याची रीत आहे. एक रबरी शिक्का करून घ्या, त्यात गावाबरोबर ‘उत्तर तट’ किंवा ‘दक्षिण तट’ असावं.

पैसे घ्यायचे नाहीत, दानपेटी ठेवायची नाही. एकदा पेटी आली की पुढचा माणूस रिकाम्या हाताने जेवायला संकोचतो. शेजारपाजारच्यांना वाटा उचलायचा असेल तर गहू, डाळ, लाकडं घ्या. परिक्रमावासीलाही नोटा पुढे करू नका. अगदी द्यायचंच तर मोजे, साबणाची वडी, टॉर्चचे सेल. लहान मुलींना काही जण मैयाचं रूप मानून नमस्कार करतात, खाऊ देतात. आपल्या मुलींना हे आधी समजावून सांगा, त्या गांगरत नाहीत.

गांजा, बिडी, चिलीम घरात नाही, हे दारातच सांगायचं, आणि सगळ्यांना सारखंच, वेष पाहून वेगळं नाही. शिधा गोळा करत फिरणारेही येतात. त्यांची परीक्षा घेत बसू नका, एक पुडी द्या आणि आसन मात्र वहीत नोंद झाल्यावरच. घरच्यांच्या खोल्यांना कुलूप असू द्या. त्यात कुणाचा अपमान नाही, आणि काही हरवलं तर निरपराध माणसावर संशय जात नाही.

घरात करणारी माणसं दोनच असतील तर आठवड्यातून एक दिवस फक्त पाणी-चहा ठेवा आणि मुक्काम बंद. सलग दोन महिने पहाटे साडेतीनला उठलेली गृहिणी माघात आजारी पडते आणि मग घरच बंद होतं. बंबाचं काम पुरुषांनी घ्यावं, वही आणि फलक मुलांनी.

निघाल्यावर

सगळे सहा-साडेसहाला निघतात. निघताना वाटेचा पुढचा टप्पा सांगा: पाणी कुठे मिळेल, दुपारी सावली कुठे, कोणता आश्रम उघडा आहे. धरणांच्या पाण्यामुळे आणि रस्त्याच्या कामांमुळे काठाची वाट बदलते, म्हणून आठवड्यातून एकदा पुढच्या दहा किलोमीटरांची चौकशी करून ठेवायची, ऐकीव सांगायचं नाही. मग खोलीत फेरी मारा. चार्जर, चष्मा, गोळ्यांची पट्टी आणि कुपीजवळची छोटी घंटा, या वस्तू हमखास मागे राहतात. माणूस तासाभराच्या अंतरावरच असतो, सायकलवर कुणाला तरी पाठवलं की मिळतात. तोवर रजया उन्हात, खोळी भट्टीच्या पाण्यात, बंबातली राख काढून आंब्याच्या बुंध्याशी, आणि फलक पुन्हा सुलटा करून ठेवायचा.